कथेत पूर्वसूचना पेरताय? या चुका टाळा

'पुढे काय वाढून ठेवलंय, हे त्याला कुठे ठाऊक होतं?' नवोदितांच्या कथांत हे वाक्य हमखास सापडतं. आधी ते खोडा. पूर्वसूचना म्हणजे पुढे घडणाऱ्या गोष्टीची आधीच नकळत ठेवलेली खूण; ही तर दवंडी झाली. पाल चुकचुकणं, डोळा लवणं, समईची ज्योत फडफडणं यांचंही तेच. काहीतरी वाईट होणार एवढंच कळतं. काय आणि का, त्याचा पत्ता नसतो.

समजा, कथा नागपूरची आहे. नाग नदीकाठच्या वस्तीत एक जोडपं तळमजल्यावर भाड्याने राहायला येतं आणि कथा संपते २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, अंबाझरी तलाव ओसंडून पाणी घराघरांत शिरलं तेव्हा. इथे पहिली चूक तारखेचीच होते. सुरुवातीलाच 'सप्टेंबर २०२३' लिहिलंत, तर नागपूरकराला शेवट तिथेच कळला. दिवस कूलरवरून, पोळ्यावरून, मांडवातल्या गणपतीवरून कळू द्या.

मग सूचना ठेवायची कुठे? मे महिन्यात दोघं घर बघायला येतात. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक रेघ असते, तिच्याखाली रंगाची छटा बदललेली. बायको विचारते. घरमालक म्हणतो, "थोडी ओल आहे, पुट्टी मारून देतो ना जी." ती लगेच म्हणते, "मग भाडं पाचशेनं कमी करा." घासाघीस सुरू होते, वाचक तिच्यात रमतो आणि रेघ विसरतो. पाणी त्याच रेघेपर्यंत चढतं, तेव्हा त्याला चर्रकन आठवतं. हे साधतं, कारण त्या प्रसंगात रेघेला स्वतःचं काम आहे. पावसाळ्यात कूलर हलवल्यावर ती पुन्हा दिसली तर चालेल, पण तिसऱ्यांदा दाखवू नका.

उलट चूक म्हणजे सूचना देऊन विसरणं. गोळी झाडायची नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये, असं रशियन कथाकार-नाटककार चेखॉव्हने १८८९ मधल्या एका पत्रात बजावलं होतं. याचा अर्थ घरातल्या प्रत्येक वस्तूने शेवटी काहीतरी करून दाखवावं, असा मुळीच नाही. तुम्ही जिच्यापाशी मुद्दाम थांबलात, तिचा हिशेब वाचक मागतो.

पहिल्या खर्ड्यातच सगळं पेरायचा हट्ट धरू नका. शेवट पक्का झाला की मागे जाऊन जागा शोधा. मग कथा न ऐकलेल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि शेवट कधी लक्षात आला ते विचारा. 'दुसऱ्याच पानावर' म्हणाले, तर सूचनेभोवतीचं भांडण किंवा गडबड वाढवा. 'शेवट ओढूनताणून आणलाय' म्हणाले, तर ती आणखी ठळक करा.