भंवरकुआच्या क्लासमधलं ‘सर, एक पॉइंट और’

मध्य प्रदेशच्या राज्यसेवेसाठी इंदूरच्या भंवरकुआला क्लास लावताय ना? फी, बॅच, नोट्स याबद्दल सगळेच सांगतील. मी पहिल्या बाकावरच्या हुशारीबद्दल सांगते, कारण माझी पहिली प्रिलिम्स, म्हणजे पूर्वपरीक्षा, तिनेच खाल्ली.

सर होळकर आणि इंग्रजांमधला मंदसौरचा तह शिकवत होते. फळ्यावर दोनच ओळी: महिदपूरची लढाई, 21 डिसेंबर 1817, तह, 6 जानेवारी 1818. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलाचा आवाज, ‘सर, एक पॉइंट और है.’ मग होळकरांचा सरदार अमीर खान निघाला, टोंकची नवाबी निघाली, सर खुलले आणि तास संपला. माझ्या शेजारणीला एवढंच विचारायचं होतं की तेव्हा होळकरांच्या गादीवर होतं कोण. किती रास्त प्रश्न! दुसरे मल्हारराव अल्पवयीन, आणि कारभार बघणाऱ्या तुळसाबाईंना लढाईच्या आदल्याच दिवशी आपल्याच फौजेतल्या लोकांनी मारलेलं. हे कळल्याशिवाय होळकरांचा तो पराभव समजतच नाही. पण तिने वही मिटली. मला याचा अजून राग येतो.

वेळ जातो हे एक झालं. खरा घात पुढे आहे. घरी येऊन तुम्ही टोंक शोधायला बसता. तहानंतर रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीची कचेरी, इंदूरलाच का आली, राजधानी इथे कशी आली, हे राहून जातं. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या बाकावरचा आणखी काहीतरी आणतो, तुम्ही तेही शोधता. आयोगाचा अभ्यासक्रम पडून राहतो आणि तुम्ही त्याच्या डोक्यातला पुरा करत असता. नीट ऐका, त्याला ते आधीपासून येत असतं म्हणूनच तो विचारतो. त्याचं काही अडलेलं नसतं. तुमचं अडलेलं असतं.

आपल्या मराठी मुलांना तर होळकर आले की ‘तू तो मराठी है, तू बता’ हेही ऐकावं लागतं. येत नसेल तर नाही म्हणा, बिघडत नाही.

गणितात बोट वर करायच्या आत उत्तर ओरडणारेही भेटतील. त्यांना बिलकुल घाबरू नका. गणित ज्यात येतं तो प्रिलिम्सचा दुसरा पेपर फक्त पात्रतेपुरता असतो, तिथला वेग मेरिटमध्ये धरत नाहीत. पहिल्या पेपरचे 100 प्रश्न तुम्हाला पुढे नेतात, आणि प्रिलिम्सचे गुणही अंतिम यादीत मोजत नाहीत. त्या ट्रिकांच्या पुस्तिकाही घेऊ नका. जुने पेपर आयोगाच्या साइटवर फुकट आहेत, ते सोडवा.

शंका वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि तास सुटल्यावर सरांना गाठा. ‘ये तो बेसिक है’ म्हणून हसणारे सर असतील तर क्लास बदला, मग त्यांचं नाव कितीही मोठं असो. फी भरण्याआधी डेमोला मागच्या बाकावर बसा. सर दोनच पोरांकडे बघून शिकवत असतील, तर दुसरीकडे चौकशी करा.