नॉन्सेन्स म्युटेशन आणि एमआरएनए : या चुका टाळा

नॉन्सेन्स म्युटेशन म्हणजे जीनमध्ये अकाली स्टॉप कोडॉन (‘प्रथिन इथे संपवा’ असा तीन अक्षरी संकेत) आणणारा बदल; एमआरएनए म्हणजे जीनवरून उतरलेला, प्रथिन बनवण्यासाठीचा संदेश. असा स्टॉप सापडला की ‘आखूड प्रथिन तयार होईल’ किंवा ‘एमआरएनए नष्ट होईल’ यांपैकी एक वाक्य हमखास लिहिलं जातं, तेही आरएनए मोजायच्या आधी. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

आधी यंत्रणा थोडक्यात. स्प्लायसिंग झालं, म्हणजे आरएनएमधले इंट्रॉन (काढून टाकायचे तुकडे) कापून एक्सॉन (राहणारे तुकडे) जोडले गेले, की दोन एक्सॉनांच्या प्रत्येक सांध्याच्या साधारण २० ते २४ न्यूक्लिओटाइड अलीकडे प्रथिनांचा एक संच बसतो. रायबोसोम, म्हणजे आरएनए वाचून प्रथिन बनवणारं यंत्र, पहिल्यांदा वाचत जाताना हे संच हटवतो. तो मध्येच थांबला आणि पुढे एखादा संच शिल्लक राहिला, तर यूपीएफ१ हे प्रथिन सक्रिय होतं आणि तो एमआरएनए मोडला जातो. ही झाली नॉन्सेन्स-मेडिएटेड डिके, म्हणजे एनएमडी.

स्टॉप कोडॉनची जागा चुकीची मोजणे

नियम साधा आहे: शेवटच्या सांध्याच्या ५० ते ५५ न्यूक्लिओटाइडपेक्षा जास्त अलीकडे स्टॉप आला तर एनएमडीची शक्यता मोठी, त्यापुढे आला तर आरएनए बहुधा टिकतो. पण हे अंतर जीनोमच्या क्रमावर मोजून इंट्रॉनची लांबीही त्यात धरणारे कमी नाहीत. मोजायचं ते स्प्लायसिंग झालेल्या आरएनएवर. फ्रेमशिफ्ट (बेस कमी-जास्त झाल्याने तीन-तीनच्या वाचनाची फ्रेम सरकणे) असेल तर स्टॉप म्युटेशनच्या जागी नसतोच. नवी फ्रेम शेवटपर्यंत वाचून तो शोधावा लागतो.

जागेने किती फरक पडतो ते बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये स्वच्छ दिसतं. कोडॉन ३९ वर सीएजीचं टीएजी झालं की स्टॉप दुसऱ्या एक्सॉनमध्ये येतो, आरएनए फार कमी उरतो आणि एकच प्रत बिघडलेली व्यक्ती सहसा नुसती वाहक असते. कोडॉन १२१ वरचा स्टॉप मात्र तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या एक्सॉनमध्ये आहे. तिथे आरएनए टिकतो, आखूड साखळी तयार होते आणि एकाच प्रतीमुळेही थॅलसेमियाची लक्षणं दिसू शकतात. म्हणून जास्त आरएनए उरला म्हणजे आजार सौम्य, असं समजू नका.

नियमाला अपवादही आहेत. स्टार्ट कोडॉनच्या अगदी जवळचा स्टॉप पुष्कळदा सुटतो, कारण रायबोसोम पुढच्या एयूजीपासून (हाच स्टार्ट कोडॉन) पुन्हा सुरुवात करू शकतो.

‘फक्त निम्मा घटला, म्हणजे परिणाम किरकोळ’

एक प्रत सामान्य आणि एक बिघडलेली असेल, तर बिघडलेल्या प्रतीचा आरएनए पूर्ण गेला तरी एकूण आकडा साधारण निम्म्यावरच येणार. शिवाय एनएमडी सहसा सगळा आरएनए संपवत नाही. पुष्कळ जीन्समध्ये ५ ते २५ टक्के उरतो. त्यामुळे क्यूपीसीआरच्या (आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीच्या) एका आकड्यावर थांबू नका. म्युटेशनची जागा ओलांडणारा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) तुकडा पीसीआरने वाढवा आणि दोन्ही प्रतींचं प्रमाण तपासा, शक्यतो रेणू एकेक मोजणाऱ्या डिजिटल पीसीआरने. सँगर सिक्वेन्सिंगच्या आलेखातल्या शिखरांच्या उंचीवरून अंदाज येतो, पण त्यावर टक्केवारी लिहू नये. जीनोमिक डीएनएमध्ये हेच प्रमाण समसमान येतं का, ही तुलना सोबत हवीच.

प्रायमर गहाळ एक्सॉनमध्ये असणे

ही चूक सगळ्यात फसवी. एक बेस बदलल्याने स्टॉप तर येतोच, पण एक्सॉन ओळखू येण्यासाठी लागणारा संकेतही बिघडू शकतो, आणि मग अख्खा एक्सॉन वगळला जातो. बीआरसीए१ या जीनच्या १८व्या एक्सॉनमधलं ई१६९४एक्स हे स्टॉप आणणारं म्युटेशन याचं प्रसिद्ध उदाहरण. तो एक्सॉन ७८ बेसचा आहे, तिनाने भाग जाणारा. म्हणजे तो वगळला तरी फ्रेम टिकते आणि स्टॉपही आरएनएबाहेर जातो. अशा वेळी प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतो ते डीएनएचे छोटे तुकडे) त्याच एक्सॉनमध्ये असतील तर सिग्नल घटलेला दिसेल आणि तुम्ही एनएमडी म्हणून मोकळे व्हाल. शेजारच्या एक्सॉनांत प्रायमर ठेवून जेलवर पट्टी पाहा. आखूड पट्टी दिसली तर तिचं सिक्वेन्सिंग करा.

एनएमडी रोखल्याचा पुरावा अपुरा असणे

एनएमडीला भाषांतर, म्हणजे रायबोसोमचं वाचन, लागतं. पण सायक्लोहेक्झिमाइड किंवा प्युरोमायसिन या औषधांनी ते थांबवलं आणि आरएनए वाढला, म्हणजे एनएमडी सिद्ध झालं असं नाही. भाषांतर थांबल्यावर फॉससारख्या अनेक जीन्सचा आरएनए स्टॉप कोडॉनशी संबंध नसतानाही वाढतो. तोच डोस सामान्य पेशींनाही द्या, आणि वाढ बिघडलेल्या प्रतीत जास्त आहे का ते बघा. औषध लागू पडलं का हे कळण्यासाठी जीएएस५ सारखं एनएमडीचं नैसर्गिक लक्ष्य मोजा. त्याहून भरवशाचं म्हणजे यूपीएफ१ एसआयआरएनएने (ठरावीक आरएनए मोडायला लावणाऱ्या छोट्या आरएनएने) कमी करून तोच निकाल येतो का हे तपासणं.

ट्रान्सक्रिप्शनच, म्हणजे जीनवरून आरएनए बनणंच, कमी झालं असेल का, हा प्रश्न राहतोच. इंट्रॉनमधल्या प्रायमरने प्री-एमआरएनए (स्प्लायसिंग न झालेला आरएनए) मोजा, मात्र आरएनए डीएनेज या डीएनए मोडणाऱ्या एन्झाइमने साफ करून आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या सीडीएनए बनवणाऱ्या एन्झाइमविना एक नमुना सोबत ठेवून. प्री-एमआरएनए समान आणि पक्व आरएनए कमी असेल, तर घट नंतर झाली आहे.

नुसत्या सीडीएनएच्या प्लास्मिडवर (पेशीत घालायच्या गोल डीएनएवर) प्रयोग करू नका. इंट्रॉन नाही म्हणजे सांधे नाहीत आणि वर सांगितलेला संचही बसत नाही. बिघडलेला आरएनए मग धडधाकट दिसतो. मिनीजीन (जीनचा छोटा प्रायोगिक नमुना) वापरून त्यात स्टॉपच्या पुढे किमान एक इंट्रॉन ठेवा.

पेशींची अवस्थाही बघा. गच्च वाढलेल्या, अमिनो आम्लांची उपासमार झालेल्या किंवा ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशींत भाषांतर सुरू करण्यात भाग घेणाऱ्या ईआयएफ२ अल्फा या प्रथिनाचं फॉस्फोरिलेशन (त्यावर फॉस्फेट बसणं) वाढतं आणि एनएमडी मंदावते. दोन आठवड्यांचे निकाल जुळत नसतील तर नवा प्रायमर मागवण्याआधी पेशींच्या प्लेटा किती भरल्या होत्या ते नोंदवहीत पाहा.