हनीकोंब सँडविच पॅनल : बंद कप्प्यात काय अडकतं ते आधी बघा, या चुका टाळा

हनीकोंब पॅनल म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा पोकळ गाभा (कोअर) आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेले पातळ थर (कातडी). कातडी सुटली की पहिला संशय अॅडेसिव्हवर, म्हणजे गोंदावर जातो. मी आधी ओलीचा माग काढतो. कोअरचा प्रत्येक षटकोनी कप्पा म्हणजे दोन्ही बाजूंनी झाकण लावलेला डबा. त्यात राहिलेलं पाणी किंवा वायू गरम झाला की कातडी उचलतो.

दुरुस्तीत हे हमखास घडतं. कोअर बऱ्याचदा नोमेक्सचा असतो. नोमेक्स हा फिनॉलिक रेझिन चढवलेला अरामिड (कृत्रिम धाग्याचा) कागद, आणि कागद ओल धरतोच. वरून एखाद्या बारीक चिरेतून कप्प्यात पाणी शिरलेलं असतं. ते न सुकवता १२०° सेल्सियसला पॅच (दुरुस्तीचं ठिगळ) बसवायला घेतलात, तर वाफेचा दाब २ बारच्या घरात जातो. व्हॅक्यूम बॅग, म्हणजे हवा काढून घेतलेली पिशवी, पॅचला वरून फार तर १ बारने दाबते. १८०° ला तर वाफ १० बारपर्यंत पोचते. मग पॅचशेजारची चांगली कातडीही फुगून सुटते. कमी तापमानावर, वेळ देऊन सुकवा. तुकडा सुटा असेल तर वजन करत राहा आणि ते उतरायचं थांबेपर्यंत पुढे जाऊ नका. घाई इथेच सगळ्यात महाग पडते.

ओल फ्रीझरमधूनही येते. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या फिल्म अॅडेसिव्हचा (पातळ पापुद्र्याच्या रूपातल्या गोंदाचा) रोल खोलीच्या तापमानाला येण्याआधी पिशवी फोडली, की त्यावर दव धरतं. पिशवीच्या बाहेरचं दव पूर्ण गेल्याशिवाय ती उघडू नका.

वायूने काय होतं ते नासाच्या एक्स-३३ यानाच्या द्रव हायड्रोजनच्या टाकीने दाखवलं. नोव्हेंबर १९९९ मधल्या चाचणीत आतल्या कातडीला सूक्ष्म तडे गेले आणि हायड्रोजन कोअरमध्ये शिरला. टाकी रिकामी होऊन तापू लागली तसा आतला दाब वाढला आणि बाहेरची कातडी कोअरसकट आतल्या कातडीपासून सुटली. अंतराळयानाच्या पॅनलमध्ये छिद्रं पाडलेला कोअर वापरतात तो कप्प्यांतली हवा बाहेर पडावी म्हणूनच.

ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या भट्टीत) दाब जास्त दिला तर उतरत्या कडेचा कोअर आडवा चेपतो. नुसत्या लॅमिनेटचा (कोअर नसलेल्या थरांचा) ६-७ बार इथे चालत नाही, ३ बारच्या आसपास राहा आणि कडेचा उतार ३०° पेक्षा उभा ठेवू नका. कोअर कापताना रिबनच्या (ज्या सलग पट्ट्या जोडून कोअर बनतो त्यांच्या) दिशेचा बाण काढून ठेवा, कारण त्या दिशेला शिअर ताकद, म्हणजे थर एकमेकांवर सरकवणारा जोर सोसायची ताकद, आडव्या दिशेच्या साधारण दुप्पट असते आणि कापलेला तुकडा फिरला तर पटकन लक्षात येत नाही. कार्बनची कातडी आणि अॅल्युमिनियमचा कोअर असेल तर मध्ये काचेचा थर हवाच, नाहीतर गंज ठरलेला.

सुटलेली कातडी फेकून देऊ नका, उलटी करून बघा. गोंदात कोअरचे फाटलेले तुकडे रुतले असतील तर जोड पक्का होता. गुळगुळीत, चकचकीत षटकोनी ठसे दिसले तर गोंद कोअरच्या भिंतींवर चढलाच नव्हता. तेव्हा कोअरला उघड्या हाताचं तेल लागलं होतं का, तापमान ठरलेल्या वेगाने चढलं होतं का, हे तपासा.

नाण्याने टकटक केली की सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. पण पाणी भरलेला, अजून न सुटलेला कप्पा या टकटकीतून निसटू शकतो. त्यासाठी थर्मोग्राफी (तापमानातला फरक दाखवणारं चित्रण) किंवा एक्स-रे करा, आणि तेही पॅच गरम करायच्या आधी.