बेसबॉलपटूचा पगार कसा वाचावा? आधी दिवस मोजा

डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोटोने न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. पुढच्याच हंगामात पिट्सबर्ग पायरेट्सचा पॉल स्कीन्स नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) सर्वोत्तम पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, ठरला, आणि त्याचा त्या वर्षीचा मूळ पगार दहा लाख डॉलरही नव्हता. आपल्याला आयपीएलची सवय. तिथे कालचं पोरगं लिलावात रातोरात कोट्यधीश होतं. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये मात्र खेळ कितीही चमकदार असला तरी मोठ्या पैशांसाठी रांगेत उभं राहावं लागतं, आणि ती रांग दिवसांच्या हिशेबाने पुढे सरकते. न्यू जर्सीतल्या भाच्याच्या नादाने तुम्हीही हे सामने बघू लागला असाल, तर एखाद्याचा पगार समजून घ्यायला पुढच्या क्रमाने जा.

पायरी १ : सर्व्हिस टाइमचा आकडा शोधा

सर्व्हिस टाइम म्हणजे मेजर लीगमध्ये खात्यावर जमा झालेले दिवस. खेळाडूच्या माहितीत त्याचा ३.११५ असा आकडा दिसेल. तो दशांश समजू नका. त्याचा अर्थ तीन वर्षं आणि ११५ दिवस. इथलं ‘वर्ष’ १७२ दिवसांचं असतं. हंगाम साधारण १८७ दिवस चालतो, पण एका हंगामात १७२ हून जास्त दिवस खात्यात जमा होत नाहीत. म्हणजे १.१७१ नंतर येतो २.०००.

हंगाम आणि ‘वर्ष’ यांच्यातली ही पंधरा दिवसांची फट लक्षात ठेवा. सगळी मखलाशी तिथेच चालते.

पायरी २ : दिवस कुठे मोजले जातात ते बघा

संघाच्या मुख्य यादीत ४० नावं असतात, पण प्रत्यक्ष मैदानावरच्या तुकडीत २६. या २६ जणांत असलेला प्रत्येक दिवस मोजला जातो, मग खेळाडू दिवसभर बाकावर बसला तरी. मेजर लीगच्या जखमींच्या यादीत असतानाचे दिवसही धरतात. मायनर लीगमधले, म्हणजे खालच्या पातळीवरच्या स्पर्धांतले, दिवस धरत नाहीत. अपवाद एकच : हंगामात एकूण वीसपेक्षा कमी दिवस खाली पाठवलं असेल, तर तेही जमा होतात.

खाली आणि वर यांत केवढी तफावत आहे बघा. २०२३ मध्ये झालेल्या करारानुसार, ४० च्या यादीबाहेरच्या खेळाडूला मायनर लीगच्या सर्वात वरच्या पातळीवर वर्षाला किमान ३५,८०० डॉलर ठरले. मेजर लीगच्या किमान पगाराने तेवढे पैसे दहा दिवसांत सुटतात. उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग (क्रिकेटपटू रिंकू नव्हे) आणि दिनेश पटेल यांना २००८ मध्ये पायरेट्सने करारबद्ध केलं, तेव्हा आपल्याकडे केवढा गाजावाजा झाला होता. पण दोघंही मायनर लीगमध्येच खेळले. मेजर लीगचा एकही दिवस त्यांच्या खात्यात पडला नाही.

पायरी ३ : उशिरा बोलावलं का, हे तपासा

क्रिस ब्रायंटची गोष्ट इथे सांगायलाच हवी. २०१५ च्या वसंतातल्या सराव सामन्यांत त्याने नऊ होमरन मारले, सगळ्यांपेक्षा जास्त. तरी शिकागो कब्जने त्याला खाली पाठवलं. कारण दिलं, क्षेत्ररक्षण सुधारायचंय. हंगाम सुरू झाला ५ एप्रिलला आणि ब्रायंटला बोलावणं आलं १७ एप्रिलला. तो हंगाम १८३ दिवसांचा होता. बारा वजा करा, उरतात १७१. एक दिवस कमी! त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण २०२० च्या अखेरीस त्याच्या नावापुढे ५.१७१ होते. सहा वर्षं भरून कुठल्याही संघाशी बोलायला मोकळं व्हायला आणखी एक पूर्ण हंगाम थांबावं लागलं. त्याने केलेली तक्रारही २०२० मध्ये लवादाने फेटाळली.

संघांना हे उघडपणे कबूल करायचं नसतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिएटल मरिनर्सचे अध्यक्ष केव्हिन मॅदर एका रोटरी क्लबशी बोलताना तरुण खेळाडूंना मुद्दाम खाली ठेवण्याबद्दल नको तितकं मोकळं बोलून गेले. चित्रफीत बाहेर आली आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या मार्च २०२२ च्या सामूहिक करारात यावर थोडा इलाज झाला. नवोदितांच्या पुरस्काराच्या मतदानात पहिला किंवा दुसरा आलेल्याला आता पूर्ण वर्ष मिळतं. स्कीन्स २०२४ मध्ये ११ मे रोजी वर आला, पुरस्कार जिंकला आणि पूर्ण वर्ष पदरात पाडून घेतलं. हा नियम २०१५ मध्ये असता तर ब्रायंटचं ते वर्ष वाचलं असतं.

पायरी ४ : तीन वर्षांच्या आत की बाहेर?

आकडा तीनच्या आत असेल तर पगार जवळपास संघ म्हणेल तो, फक्त किमान मर्यादेच्या वर. ती मर्यादा २०२२ मध्ये ७ लाख डॉलर होती. दरवर्षी २० हजारांनी वाढत २०२६ मध्ये ७ लाख ८० हजार झाली. याशिवाय उत्तम खेळणाऱ्या अशा शंभर जणांत दरवर्षी पाच कोटी डॉलर बोनस म्हणून वाटले जातात. २०२४ साठी स्कीन्सला त्यातून साडेएकवीस लाख मिळाले, म्हणजे पगाराच्या दुपटीहून जास्त.

तीन वर्षं पूर्ण झाली की लवादाचा, म्हणजे पगार त्रयस्थाकडून ठरवून घ्यायचा हक्क मिळतो. दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान असलेल्यांपैकी सर्वात जास्त दिवस भरलेल्या २२ टक्क्यांना तो एक वर्ष आधीच मिळतो. त्यांना ‘सुपर टू’ म्हणतात. हा उंबरठा दरवर्षी बदलतो, गेल्या काही वर्षांत तो २.११५ ते २.१४० च्या आसपास राहिलाय. २.१७१ वाला ब्रायंट त्यात सहज बसला आणि २०१८ मध्ये १ कोटी ८ लाख ५० हजार डॉलरवर पोचला.

पायरी ५ : लवादाचे दोन आकडे बघा

जानेवारीत खेळाडू एक आकडा मांडतो, संघ दुसरा. तडजोड झाली नाही तर तीन लवाद दोन्ही बाजू ऐकतात आणि दोनपैकी एकच आकडा निवडतात. मधला काढायची सोय नाही, त्यामुळे कोणी फार ताणत नाही. बहुतेक प्रकरणं सुनावणीआधीच मिटतात. सोटोचं २०२४ चं प्रकरणही असंच ३ कोटी १० लाखांवर मिटलं.

सुनावणी झालीच तर संघाचे वकील आपल्याच खेळाडूच्या उणिवा त्याच्या तोंडावर वाचून दाखवतात. २०२३ मध्ये कॉर्बिन बर्न्सने १ कोटी साडेसात लाख मागितले, मिलवॉकी ब्रुअर्सने १ कोटी १० हजार देऊ केले. फरक जेमतेम ७ लाख ४० हजारांचा. ब्रुअर्स जिंकले, पण संबंध दुखावले गेल्याचं बर्न्सने जाहीर बोलून दाखवलं. वर्षभरात त्याला दुसऱ्या संघाकडे धाडलं गेलं आणि पुढे मोकळा झाल्यावर त्याने ॲरिझोनाशी २१ कोटींचा करार केला. माझ्या मते ब्रुअर्सचा तो विजय फार महाग पडला.

पायरी ६ : सहा वर्षं भरली का?

६.००० झाले आणि पुढच्या हंगामाचा करार नसेल, तर खेळाडू फ्री एजंट होतो. कुठल्याही संघाशी बोलू शकतो. हा हक्क आयता मिळालेला नाही. कर्ट फ्लड या खेळाडूने मनाविरुद्धच्या बदलीविरोधात लढा दिला आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. १९७५ च्या डिसेंबरात पीटर सिट्झ या लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे दार उघडलं.

काही जण सहा वर्षं थांबत नाहीत. ओझी ॲल्बीजने २०१९ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, अटलांटाशी सात वर्षांसाठी साडेतीन कोटींचा करार केला. तो स्वस्तात गेला असं तेव्हाच अनेकांनी म्हटलं, आणि मलाही तसंच वाटतं. पण उद्या खांदा निखळला तर काय, ही भीती बाहेरून दिसत नाही.

पायरी ७ : मोठ्या आकड्याखालची बारीक अक्षरं वाचा

शोहेई ओहतानीचा डॉजर्सशी झालेला करार ७० कोटींचा, दहा वर्षांचा. पण त्या दहा वर्षांत त्याला वर्षाला मिळतात फक्त २० लाख. उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये मिळणार, तेही बिनव्याजी. म्हणून संघाच्या लक्झरी टॅक्सच्या (ठरावीक मर्यादेपलीकडच्या पगारखर्चावर संघाला बसणाऱ्या कराच्या) हिशेबात हा करार वर्षाला ७ कोटींचा न धरता सुमारे ४ कोटी ६० लाखांचा धरला जातो.

आणि एक : इथले नियम आणि आकडे ज्या सामूहिक कराराचे आहेत, त्याची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंतच आहे. त्यानंतर हा लेख वाचत असाल तर किमान पगार, बोनसची रक्कम आणि सुपर टूची टक्केवारी नव्या करारात तपासून घ्या.