पहिलं नाटक: लहान मुलांना नाट्यगृहात नेण्याआधी

मुलाचं पहिलं नाटक अर्ध्यावर सुटतं ते बहुतेक वेळा तीन कारणांनी: अचानक झालेला अंधार, मोठा आवाज आणि पुढच्या माणसाच्या डोक्यामुळे न दिसणारा रंगमंच. तिन्हींची तयारी घरबसल्या, एक पैसा न खर्चता करता येते.

आधी नाटकाची निवड. तीन-चार वर्षांच्या मुलाला दोन अंकी नाटकाला नेऊ नका. बाहुल्यांचा खेळ किंवा छोट्या सभागृहातला पाऊण तासाचा प्रयोग त्याला पुरेसा होतो. 1959 साली सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केलं, तेव्हापासून आपल्या बालनाट्यात परी, राक्षस, चेटकीण, धूर आणि ट्रिकसीन यांची परंपरा आहे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण सहा वर्षांच्या मुलाला खदखदून हसवते, चार वर्षांचं मूल तिच्या पहिल्याच प्रवेशाला आईच्या कुशीत शिरू शकतं. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी ग्रिप्स या जर्मन बालरंगभूमीच्या धर्तीवरची नाटकं फार चांगली. डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने 1986मध्ये ती बर्लिनहून पुण्यात आली. मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात आणि विषय घर, शाळा, आईबाबांची भांडणं असे रोजचे असतात. मुलांना तिथे स्वतःचंच बोलणं ऐकू येतं.

स्वस्तात नाटक दाखवायचं तर राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेकडे लक्ष ठेवा. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती घेतं आणि प्राथमिक फेऱ्या वेगवेगळ्या शहरांत होतात. एका दिवशी पाठोपाठ अनेक नाटकं असतात; मुलाला त्यातलं एकच दाखवून बाहेर पडा. सलग तीन बघितली की पहिलंही आठवत नाही. सिंधुदुर्गात गावाकडे जाणार असाल तर जत्रेतला दशावतार फुकट बघायला मिळतो. खेळ रात्री उशिरा सुरू होतो, म्हणून मुलाला संध्याकाळी झोपवून घ्या. सुरुवातीच्या आड दशावतारात, म्हणजे मुख्य कथेआधीच्या भागात, गणपती येतो, संकासुर राक्षस येतो; तेवढं बघून घरी परतलं तरी चालतं.

व्यावसायिक बालनाट्याचे प्रयोग उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत जास्त असतात. तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी विचारा: कितव्या वर्षापासून पूर्ण तिकीट लागतं आणि मध्यंतर धरून नाटक किती वेळाचं आहे. सोसायटीतली चार-पाच घरं एकत्र येत असतील तर गट सवलत आहे का तेही विचारून घ्या.

पैसे वाचवावेत, पण खुर्ची बघून. बाल्कनी स्वस्त असते, मात्र तिच्या पहिल्या रांगेत कठडा लहान मुलाच्या बरोबर डोळ्यांसमोर येतो. शिवाय मूल वाकून बघायला जातं, ते धोक्याचं. खाली अगदी पहिल्या रांगेत मान वर करून बसावं लागतं, आणि कडेला बसलात तर स्पीकर कानाशी येतो. पाचवी ते नववी रांग आणि मधल्या वाटेलगतची खुर्ची सगळ्यात सोयीची: वाटेच्या बाजूने समोर कुणाचं डोकं येत नाही आणि गरज पडली तर कुणाचे पाय न तुडवता बाहेर जाता येतं. उचलल्यावर मिटणाऱ्या खुर्चीत हलकं मूल दुमडलं जातं. बरोबर घडी केलेली चादर घ्या, मूल त्यावर बसवा, उंचीही मिळते.

दोन-तीन दिवस आधी घरी दिवे घालवून दहापर्यंत मोजा, मग भिंतीवर टॉर्चचा झोत टाका. “तिसरी घंटा झाली की असाच अंधार होतो आणि मग पडदा उघडतो,” एवढं सांगा. गोष्ट थोडक्यात सांगावी, शेवट मात्र राखून ठेवावा. राक्षस असेल तर तो रंग लावलेला, मिशा चिकटवलेला माणूस आहे हे आधीच कळू द्या.

प्रयोगाच्या दिवशी दुपारची झोप चुकवू नका. अर्धा तास आधी पोचा, आधी स्वच्छतागृह, मग मुलाला रिकाम्या रंगमंचाजवळ नेऊन बंद पडदा दाखवा. एसी लहानग्यांना बोचतो, म्हणून पातळ स्वेटर हवाच. चमकणारे किंवा वाजणारे बूट घरी ठेवा. कुरकुरीत पाकिटंही नकोत, खाणं मध्यंतरात. वड्याच्या रांगेतच मध्यंतर संपतं, तेव्हा एकाने रांगेत उभं राहावं आणि दुसऱ्याने मुलाला लघवीला न्यावं.

मूल मध्येच “हा कोण?” विचारेल. कानात दोन शब्दांत उत्तर द्या. गप्प बसवलं तर त्याचं नाटकावरचं लक्षच उडतं. रडू लागलं तर लगेच बाहेर, पाणी द्या, आणि शांत झाल्यावर मागच्या दाराशी उभं राहून दोन मिनिटं बघू द्या. तिथून बहुतेक मुलं स्वतःच आत ओढतात. नाही ओढलं तर घरी चला, तिकिटाचे पैसे वाया गेले असं त्याच्यासमोर बोलू नका. पुढचं नाटक दोन-तीन महिन्यांनी, आणि याहून छोटं.

नाटकानंतर “काय शिकलास?” हा प्रश्न टाळा. दोन खुर्च्यांवर जुनी साडी टाकून पडदा करून द्या आणि प्रेक्षक होऊन समोर बसा.