दख्खनच्या खडकात भूजल शोधताना या चुका टाळा

महाराष्ट्राच्या सुमारे 82 टक्के भूभागाखाली बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून हा खडक घडला. त्याची जाडी मात्र सगळीकडे सारखी नाही. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या खोल छिद्रात तो 338 मीटरवर संपला, तर कोयना परिसरात तो 900 मीटरहून अधिक जाड आढळला. त्यामुळे ‘खडक फोडून खाली गेलो की पाणी लागेल’ ही समजूत राज्याच्या बहुतेक भागांत मुळातच चुकीची ठरते. पाणी असते ते प्रवाहांच्या सांध्यांत, भेगांत आणि वरच्या कुजलेल्या पट्ट्यात, आणि सर्वेक्षणातल्या बहुतेक चुका ही रचना डोळ्यांआड झाल्यामुळे होतात.

यंत्र घेऊन थेट शेतात उतरणे ही त्यांतली सर्वांत महागडी चूक. त्याआधी गावातल्या निदान दहा-पंधरा विहिरींत डोकावून पाहिले पाहिजे, कारण विहिरीची उघडी बाजू जे दाखवते ते कोणतेही उपकरण इतक्या स्पष्टपणे दाखवत नाही. काळी माती किती, मुरूम किती, मांजऱ्या (भोकाभोकांचा, तुलनेने मऊ बेसॉल्ट) कुठे सुरू होतो, पक्का खडक कुठे लागतो, झरे नेमके कोणत्या थरातून येतात आणि गेरूचा तांबडा पट्टा कोणत्या उंचीवर आहे, याची नोंद करावी. ओढ्याचा काठ आणि रस्त्यासाठी कापलेली टेकडीही याच दृष्टीने पाहावी. गेरू लागला म्हणजे आता पाणी नाही, असे समजून खोदकाम थांबवले जाते. तो स्वतः चिकणमातीसारखा असल्याने सहसा पाणी देत नाही हे खरे, पण त्याच्या खाली जुन्या प्रवाहाचा सच्छिद्र माथा असतो आणि त्यात पाणी असण्याची शक्यता तपासण्याजोगी असते. मुरमातल्या गोल गोट्यांवर पहार अडली की ‘दीड मीटरवर कठीण खडक’ अशी नोंद करून मोकळे होण्याची घाईही टाळावी. अशा वेळी दोन-तीन पावले सरकून पुन्हा खणून पाहावे.

विद्युतरोध सर्वेक्षणाबाबत, म्हणजे जमिनीत वीज सोडून खालचे थर तिला किती अडवतात ते ओहम-मीटर या एककात मोजण्याबाबत, सविस्तर सांगणे भाग आहे, कारण त्यातल्या आकड्यांवर शेतकऱ्याचे लाखो रुपये लागतात. इलेक्ट्रोडमधले (जमिनीत ठोकलेल्या धातूच्या खुंट्यांमधले) अंतर म्हणजेच तपासलेली खोली, हा समज फार रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. प्रवाह किती खोल जाईल हे वरच्या थरांच्या विद्युतरोधावरही अवलंबून असते, म्हणून अंतरावरून थेट खोली सांगता येत नाही, संपूर्ण आलेखाचा अर्थ लावावा लागतो. कमी विद्युतरोध म्हणजे पाणी, हा दुसरा समज. पाणी धरलेला कुजलेला बेसॉल्ट साधारण 20 ते 45 ओहम-मीटर दाखवतो आणि पक्का खडक 70 च्या वर जातो, हे ढोबळमानाने खरे आहे. परंतु 10 च्या खालचा आकडा बहुतेक वेळा चिकणमातीचा किंवा खाऱ्या पाण्याचा असतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाण पट्ट्यात काम करणाऱ्याने तर कमी आकडा दिसताच आनंदण्याऐवजी सावध व्हावे.

वाचने उड्या मारत असतील, आलेखाला मध्येच कंगोरे येत असतील, तर दोष खडकात शोधण्यापूर्वी स्वतःच्या मांडणीत शोधावा. कोरड्या मुरमात इलेक्ट्रोडचा जमिनीशी संपर्क नीट होत नाही. तो खोल ठोकून भोवती मिठाचे पाणी ओतावे. जवळून वीजवाहिनी, लोखंडी जलवाहिनी किंवा तारेचे कुंपण जात असेल तर रेषा बदलावी. रेषा शक्यतो समान उंचीवरून न्यावी, ओढा ओलांडून नेऊ नये. श्लुम्बर्जर पद्धतीत (एका रेषेत चार इलेक्ट्रोड, बाहेरचे दोन वीज सोडणारे आणि आतले दोन मोजणारे) आतले इलेक्ट्रोड सरकवल्यावर बाहेरचे निदान दोन जुन्या अंतरांवर ठेवून वाचन पुन्हा घ्यावे, म्हणजे आलेखाचे तुकडे जुळतात की नाही ते कळते. आणि एक गोष्ट निःसंकोच सांगावी: 60 मीटर खोलीवरची काही सेंटीमीटर जाडीची भेग जमिनीवरून ओळखता येत नाही. ‘एकशे ऐंशी फुटांवर हमखास पाणी’ असे लिहून देणारा अहवाल मी प्रामाणिक मानत नाही, मग तो यंत्राच्या आधारे दिलेला असो वा पाणाड्याच्या.

विंधन विहीर खोदताना दर 3 मीटरला बाहेर येणारा चुरा खोली लिहून वेगळा ठेवावा. नंतर आठवणीतून लिहिलेल्या नोंदी निरुपयोगी असतात. पाणी लागल्यावर व्ही-नॉचने, म्हणजे पाणी वाहू देणाऱ्या पाटीतल्या V आकाराच्या खाचेने, मोजताना पाण्याची उंची खाचेच्या अगदी तोंडाशी घेतली जाते, तिथे पातळी खाली वाकलेली असते, त्यामुळे ती खाचेपासून मागे मोजायला हवी. ही किरकोळ बाब वाटेल, परंतु 90 अंशांच्या खाचेत 5 सेंटीमीटर उंचीला सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी असते आणि 10 सेंटीमीटरला ते सुमारे 4.4 लिटर होते. म्हणजे उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून अधिक वाढतो. शिवाय कॉम्प्रेसरने पहिल्या तासात उसळलेले पाणी भेगांत साठलेले असते, त्यावरून पंप निवडू नये.

हाच साठ्याचा प्रश्न खोदलेल्या विहिरीवरच्या उपसा चाचणीत अधिक गंभीर होतो. 6 मीटर व्यासाच्या विहिरीत पाण्याच्या प्रत्येक मीटर उंचीला सुमारे 28,000 लिटर पाणी असते. ताशी 20,000 लिटर उपसणारा पंप तासभर चालवला तर पातळी मीटरभरही उतरत नाही आणि जे पाणी बाहेर आले ते बहुतांशी विहिरीचेच असते, जलधराने (पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थराने) दिलेले नसते. तरीही अशा तासाभराच्या आकड्यांना उपशाने उतरणाऱ्या पातळीवरून जलधराची क्षमता काढणारे 1935 चे थाईस यांचे सूत्र लावलेले अहवाल दिसतात. ते सूत्र नगण्य व्यासाच्या विहिरीसाठी आहे; मोठ्या व्यासाच्या विहिरीसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांनी 1967 मध्ये दिलेली पद्धत वापरावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पंप बंद झाल्यावर पातळी कशी भरून येते ते रात्रभर जागून नोंदवावे. विहिरीची खरी आवक त्या भरतीत दिसते.

पाणीपातळी मोजताना पंप काही तास बंद असावा, मोजणी दर वेळी कठड्यावरच्या त्याच खुणेपासून व्हावी आणि कठड्याची उंची वजा करावी. भूजल कोणत्या दिशेला वाहते ते केवळ खोलीच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही, त्यासाठी पातळीची समुद्रसपाटीपासूनची उंची लागते; मोबाइलमधल्या जीपीएसच्या उंचीत काही मीटरची चूक सहज असते, म्हणून लेव्हल यंत्राने उंची काढावी.

गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडताना सर्वाधिक गोंधळ एका टक्क्यात होतो. बेसॉल्टमधून मोकळे होणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण 1 ते 3 टक्केच असते. पातळी 1 मीटर चढली तर एका हेक्टरखाली 2 टक्क्यांच्या हिशेबाने 2 लाख लिटर पाणी वाढते. 1 टक्का धरला तर ते 1 लाख होते आणि 3 टक्के धरले तर 3 लाख. पाऊस तोच, विहीर तीच, पण गावाने कोणते पीक घ्यायचे याचे उत्तर बदलते. म्हणून ताळेबंदात कोणता टक्का धरला आणि तो कोणत्या विहिरीच्या चाचणीवरून घेतला, हे त्या आकड्याच्या शेजारीच लिहावे.