कॉम्प्युटर सुरू होतानाच अडकतो? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

बटण दाबलं, कंपनीचा लोगो आला, ठिपके गोल फिरायला लागले आणि मशीन तिथेच हँग झालं. अशा वेळी ओळखीतलं कुणीतरी हमखास सांगतं, ‘फॉरमॅट मार.’ सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. माझ्या मावशीच्या कॉम्प्युटरवर असंच नव्याने विंडोज टाकलं गेलं. फोटो गेले आणि चार दिवसांनी मशीन पुन्हा तिथेच अडकलं. बिघाड हार्ड डिस्कमध्ये होता.

म्हणून आधी बघा, अडकतंय कुठे. लोगोवरच थांबलं आणि बायोसमध्येही (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाता येत नसेल, तर विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं. मग फॉरमॅटने काय साधणार? अशा वेळी पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क, सगळं काढा. फक्त कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर ठेवून सुरू करून बघा. मागे विसरलेल्या एका पेनड्राइव्हमुळेही मशीन अडून बसतं.

तरीही तेच? मग रॅम, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या मेमरीची पट्टी. सॉकेटमधून वायर काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मगच रॅम काढा. सोनेरी पट्टी मऊ खोडरबराने हलकेच पुसा, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. तारीख-वेळ दरवेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बदला.

ठिपके फिरत असतील तर घाई नको. अपडेट चालू असताना वीज तोडली की विंडोज बिघडू शकतं. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर तास-दोन तास थांबा. खरंच अडकलं असेल तर सेफ मोडसाठी (फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर चालणारं विंडोज) एफ८ बडवत बसू नका; विंडोज ८ पासून ती सोय मुळातच बंद असते. विंडोज १० किंवा ११ असेल तर ते सुरू होताना बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४ दाबलं की सेफ मोड. बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) ४८ आकडी की मागितली, तर ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. सेफ मोडमध्ये मशीन नीट चाललं, तर नुकताच टाकलेला ड्रायव्हर (प्रिंटर वगैरे चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा अँटीव्हायरस काढून बघा.

आणि हार्ड डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर कृपा करून ‘चेक डिस्क’ चालवू नका. ते अख्खी डिस्कही वाचून काढू शकतं, आणि शेवटच्या घटका मोजणारी डिस्क त्यातच जाऊ शकते. मशीन बंद करा. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि घरचे फोटो, कागदपत्रं आधी उतरवून घ्या. ती दिसतच नसेल तर पुन्हापुन्हा चालू न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. विंडोज नव्याने टाकायचंच असेल तर ते त्यानंतर, नव्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर).